अर्धा स्वयंपाक फ्रीझरमध्ये: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

चार वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या मंडईत मटार ४० रुपये किलो झाला म्हणून मी हौसेने पाच किलो शेंगा आणल्या. रात्री टीव्हीसमोर वर्तमानपत्र पसरून सगळ्यांनी मिळून सोलल्या. दाणे धुतले, ओलेच एका मोठ्या पिशवीत भरले आणि फ्रीझरमध्ये कोंबले. तिसऱ्या दिवशी मटारभातासाठी पिशवी काढली तर आत दोन किलोची हिरवी वीट. वाटीभर दाण्यांसाठी बत्ता घेऊन ओट्यावर ठोकाठोक करावी लागली. खालच्या काकूंचा फोन आला, "अगं, काय फोडतेस एवढ्या रात्री?" जे दाणे सुटले तेही शिजवल्यावर चिवट लागले आणि होळीपर्यंत त्यांचा रंग वाळक्या गवतासारखा झाला.

आता आमच्या फ्रीझरमध्ये कधीही बघितलं तर वाटणाचे क्यूब, खवलेला नारळ, अर्धकच्च्या पोळ्या, कोथिंबीर वडी आणि कडधान्यांचे डबे असतात. डोंबिवलीत राहतो, दोघंही नोकरीला, लोकलमधून उतरून घरात पाय ठेवेपर्यंत आठ वाजतात. साडेआठला जेवण टेबलावर असतं ते या डब्यांमुळे. हे जमवताना ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून हा सगळा खटाटोप.

पैशांचं आधी बोलून घेऊ, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पाच किलो शेंगांचे झाले २०० रुपये, दाणे निघाले दोन किलोच्या आसपास. म्हणजे किलोला १०० रुपये. दुकानातली गोठवलेल्या मटारची पिशवी आम्हाला साधारण दीडपट भावाने मिळायची. दोन किलोमागे शंभर रुपये वाचले आणि तीन माणसांची अख्खी संध्याकाळ गेली. हा काही मोठा व्यवहार नव्हे. माझ्या वहीत खरा फरक दिसला तो वेगळ्याच रकान्यात. "आज कंटाळा आलाय, मागवूया" असं आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं, दर वेळी ४०० रुपये, महिन्याचे ३,२०० च्या वर. ते आता महिन्यातून एखाद्या वेळेवर आलंय. दुसरी बचत म्हणजे टाकून देणं थांबलं. अर्धी जुडी कोथिंबीर काळी पडायची, नारळाची उरलेली वाटी बुळबुळीत व्हायची, ते बंद झालं. मटार त्यानंतर तिसऱ्या नंबरवर.

१. आधी आपला फ्रीझर ओळखा

पदार्थ महिनोन्‌महिने टिकवायचे तर फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसला हवा. दोन दारांच्या फ्रीजचा वरचा कप्पा सहसा तिथपर्यंत जातो. एकदारी फ्रीजमधला आतला छोटा कप्पा बर्फ बनवतो, पण तेवढा थंड राहीलच असं नाही. शिवाय दूध काढायला दार उघडलं की त्यालाही हवा लागते. भाड्याच्या खोलीत चौघांत मिळून एकदारी फ्रीज असेल तरी हे सगळं करता येतं, फक्त दोन-तीन आठवड्यांत संपवायचं आणि मासे-मटण त्यात साठवायचं नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो, स्वस्त असतो. एकदा घ्या आणि रात्रभर ठेवून सकाळी बघा.

दुसरी गोष्ट क्षमतेची. साधारण २६० लिटरच्या फ्रीजला ६० लिटरच्या आसपास फ्रीझर असतो. एवढ्या जागेत एका दिवसात दोन, फार तर अडीच किलो नवं सामान गोठवायचं. त्याहून जास्त कोंबलं तर सगळंच हळूहळू गोठतं. हळू गोठलं की पदार्थातल्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात, ते भाजीच्या पेशी फाडतात, आणि बाहेर काढल्यावर पदार्थ पाणी सोडून लिबलिबीत होतो. एकाच पिशवीत कोंबलेले माझे मटारही असेच हळू गोठले होते.

आणि एक: गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. बाहेर काढल्यावर उठतात. त्यामुळे शंका आलेला पदार्थ "फ्रीझरमध्ये टाकू, बघू पुढे" असं करू नका.

फक्त या कामासाठी वेगळा डीप फ्रीझर घ्यावा का, असं मैत्रिणी विचारतात. चार माणसांच्या घराला गरज नाही. मोठी पेटी आली की ती भरण्यासाठी खरेदी सुरू होते.

२. काय काय लागेल

• झिपवाल्या जाड पिशव्या, मध्यम आकाराच्या. मटार, खोबरं, वड्यांच्या पिशव्या धुऊन, उलट्या वाळवून पुन्हा वापरता येतात. मासे-मटणाच्या टाकून द्यायच्या.
• चौकोनी, घट्ट झाकणाचे छोटे डबे, अर्धा लिटरपर्यंतचे. गोल डबे जागा खातात. घरातले स्टीलचे डबेही छान चालतात.
• बर्फाचे दोन जादा ट्रे. वाटणाचे ट्रे वेगळेच ठेवा, नाहीतर सरबतात लसणाचा वास येतो.
• फ्रीझरमध्ये आडवी मावेल अशी स्टीलची ताटली किंवा ट्रे.
• बटर पेपर, मास्किंग टेप, मार्कर.
• मोठी चाळणी आणि दोन सुती पंचे.

काचेच्या बरण्या शक्यतो टाळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यामुळे काठोकाठ भरलेली काच तडकते. कुठल्याही डब्यात पातळ पदार्थ भरताना वर बोटभर जागा सोडायची. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वापरायची सासूबाईंची जुनी सवय आहे. त्या फार पातळ असतात, आत हवा राहते आणि पदार्थ कोरडा पडतो, त्यामुळे आठवडाभरासाठी ठीक, त्यापुढे नको.

३. गोठवायचं काय?

सुरुवातीला मी तयार भाज्याच गोठवायचे. फ्लॉवर-बटाटा रस्सा, भरली वांगी, एकदा तर साबुदाण्याची खिचडीसुद्धा. काढून गरम केलं की बटाटा स्पंजसारखा आणि वांगं गाळ. खिचडीबद्दल न बोललेलं बरं. मग लक्षात आलं की ताटात येणारा पदार्थ गोठवायचाच नाही. त्याच्या एक पायरी आधी थांबायचं, आणि ती पायरीही अशी निवडायची जिला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

उकडीचे मोदक घ्या. वेळखाऊ काम म्हणजे नारळ खवणं आणि गूळ-खोबऱ्याचं सारण शिजवणं. ते सारण फ्रीझरमध्ये तीन महिने सुखाने राहतं. उकड मात्र त्या दिवशीच काढायची, कारण गोठवलेली पारी कोरडी पडून चिरते. बटाटेवड्याचं तसंच. सारणाचे गोळे गोठवा, चण्याच्या पिठाचं आवरण ताजं. रश्श्याचं वाटण गोठवा, भाजी ताजी.

दही, ताक, काकडी, कोशिंबिरी, कवचासकट अंडी, सोलकढी, तळलेली भजी आणि भाकरी यांना फ्रीझर दाखवू नका. दही फुटतं, अंड्याचं कवच तडकतं, भाकरीचा चुरा होतो. इडलीचं पीठ गोठवता येतं पण फुगायची ताकद बरीच जाते, त्यापेक्षा इडल्याच करून गोठवाव्यात, पाच-सात मिनिटं वाफवल्या की ताज्यासारख्या. पनीर थोडं चरबरीत होतं, कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की सुधारतं.

४. पहिल्या रविवारी फक्त तीन गोष्टी

उत्साहाच्या भरात पहिल्याच सुट्टीला दहा पदार्थ करायला घेऊ नका. रात्री कंबर धरते आणि पुन्हा कधी हात लावावासा वाटत नाही. खालच्या तीन गोष्टींना मिळून तीन तास लागतात.

नारळ. तीन नारळ खवा, विळीवर किंवा खवणीवर. खोबरं पिशवीत भरून लाटण्याने हलकेच पसरवा, अर्ध्या बोटाच्या जाडीचा चपटा थर होईल असं. हवा काढून आडवं ठेवा. चपटं असल्यामुळे हवा तेवढा तुकडा कडकन मोडून घेता येतो. पोह्यांवर, कोशिंबिरीत थेट घातलं तर दोन मिनिटांत सुटं होतं. फोडलेल्या नारळाला आंबूस वास येत असेल तर तो गोठवून सुधारणार नाही.

वाटण. फ्रीझरमधली एकच गोष्ट ठेवायची परवानगी मिळाली तर मी वाटण ठेवीन. एक किलो कांदे उभे पातळ चिरा. लोखंडी कढईत अर्धी वाटी तेलावर मध्यम आचेवर परता. कांदा आधी पाणी सोडतो, मग आकसतो, मग कडा तपकिरी होतात. इथेच बरेच जण घाई करून गॅस बंद करतात. अजून दहा मिनिटं थांबा. सगळा कांदा गुळाच्या रंगाचा झाला, कढईच्या बुडाला चिकटायला लागला आणि झाऱ्याने गोळा होऊ लागला की झालं. मला अर्धा तास लागतो. दुसऱ्या शेगडीवर एक मोठी वाटी सुकं खोबरं किसून खमंग भाजा, दोन गड्डे लसूण आणि दोन इंच आलं थोड्या तेलात परता, शेवटी मूठभर कोथिंबीर. गार करून कमीत कमी पाण्यात वाटा. मग हे वाटण पुन्हा कढईत घालून तेल सुटेपर्यंत परता, कारण पाणी जेवढं कमी तेवढं वाटण नीट गोठतं. मीठ-तिखट घालू नका. तेच वाटण कधी मटकीच्या उसळीत जातं, कधी अंडाकरीत, कधी चिकनच्या रश्श्यात, आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो.

पूर्ण गार झालं की ट्रेमध्ये भरा. रात्रभरात गोठतं. सकाळी क्यूब काढून पिशवीत भरा आणि ट्रे मोकळे करा. आमच्याकडे माणशी दोन क्यूब लागतात. एक किलो कांद्यात चौघांचे चार रस्से होतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी घरी आल्यावर तेलात आठ क्यूब टाकले, वर मसाला, शिजलेलं कडधान्य आणि गरम पाणी, की पंधरा मिनिटांत तवंग आलेला रस्सा.

पोळ्या. नेहमीसारखी कणीक मळा, तेल चमचाभर जास्त. पोळी लाटून तव्यावर दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस सेकंदच ठेवायची. कच्चेपणाचा ओला रंग गेला पाहिजे, पण डाग पडता कामा नयेत आणि फुगूही द्यायची नाही. फुगली तर खाऊन टाका, ती गोठवायच्या कामाची नाही. पंच्यावर सुट्या सुट्या गार करा. गरम पोळ्या एकावर एक ठेवल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि त्या चिकटतात. प्रत्येक दोन पोळ्यांत बटर पेपरचा तुकडा घालून आठ-आठची चळत पिशवीत, हवा काढून सपाट ठेवा. वर दुसरं काही ठेवू नका, गोठलेली पोळी काचेसारखी मोडते. वापरताना पाच मिनिटं बाहेर ठेवायची, मग चांगल्या तापलेल्या तव्यावर नेहमीसारखी भाजायची. महिनाभर चांगल्या राहतात. ताज्या पोळीची सर येते का? नाही येत. पण आठ वाजता कणीक मळायची नसेल तर घडीची मऊ पोळी मिळते, एवढं नक्की.

५. कोथिंबीर वडी आणि अळूवडी

हिवाळ्यात कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांना मिळते आणि उन्हाळा लागला की त्याच जुडीचा भाव ऐकून आपण पुढच्या गाळ्यावर जातो. तेव्हा वड्या डिसेंबर-जानेवारीतच करून ठेवाव्यात. चार वाट्या चिरलेली कोथिंबीर, दोन वाट्या बेसन, पाव वाटी तांदळाचं पीठ, तीळ, हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण. कोथिंबीर धुऊन पंच्यावर तासभर तरी वाळवायची. ओल्या कोथिंबिरीच्या वड्या गोठवल्यावर फसफशीत होतात. पाणी अगदी हबक्याने. वळकट्या करून वीस मिनिटं वाफवा, सुरी टोचून कोरडी निघते का बघा.

आता संयम. गरम वळकटी कापली की तुकडे पडतात, म्हणून पूर्ण गार होऊ द्या, मग कापा. वड्या ताटलीत एकमेकींना न चिकटता मांडून ताटली तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. कडक झाल्या की पिशवीत भरा. आधी सुटं गोठवून मग एकत्र भरायची ही युक्ती मटार, वड्या, कटलेट, मक्याचे दाणे सगळ्यांना लागू आहे. माझी वीट झाली ती एवढं एक माहीत नव्हतं म्हणून.

अळूवडीचे उंडे मात्र न कापता, अख्खे वाफवून, बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवा. वापरायच्या आधी अर्धा तास काढले की अर्धवट सैल झालेला उंडा सुरीने इतका सुबक कापला जातो की ताज्या उंड्याचाही तसा कापला जात नाही. दोन्ही वड्या तव्यावर थोड्या तेलात मंद आचेवर परता. थेट कडकडीत तेलात सोडल्या तर बर्फाचं पाणी तेलात जाऊन तेल अंगावर उडतं. माझ्या मनगटावरचा डाग त्याच अनुभवाचा.

६. मटार, या वेळी नीट

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा. शेजारी तेवढ्याच थंड पाण्यात बर्फ टाकून ठेवा. दाणे उकळत्या पाण्यात टाकायचे, दीड ते दोन मिनिटं. लगेच चाळणीत उपसून बर्फाच्या पाण्यात, तेही दोन मिनिटं. मग चाळणी, मग पंचा, आणि हाताला ओल लागणार नाही इतके कोरडे. ताटलीत एकाच थरात पसरून गोठवायचे, दुसऱ्या दिवशी पिशवीत.

हा गरम पाण्याचा चटका टाळू नका. दाण्यांत विकरं (एन्झाइम) असतात, ती फ्रीझरमध्येही हळूहळू आपलं काम करत राहतात आणि रंग, चव, गोडी खातात. चटक्याने ती थांबतात. सोडा घालायचा सल्ला शेजारीपाजारी मिळेल. रंग हिरवागार राहतो, पण दाणा मऊ पडतो. मी घालत नाही. फरसबीला आणि शेवग्याच्या शेंगांना हीच पद्धत, फक्त तीन मिनिटं.

एका वेळी एक किलोच दाणे करा. पाच किलो शेंगांचा मोह झालाच तर दोन दिवसांत विभागा.

७. कडधान्यं

छोले, वाल, चवळी रात्री भिजवून कुकरमध्ये नेहमीपेक्षा एक शिट्टी कमी करा. त्यांच्याच पाण्यासकट डब्यात, वर बोटभर जागा ठेवून. राजमाही असाच भिजवून, पण तो मात्र पूर्ण शिजवा, अर्धवट शिजलेला राजमा पोटाला बाधतो. मोडाची मटकी चटका देऊन, कोरडी करून ठेवता येते. अर्धा किलो छोले भिजवायचे, तीन डबे, तीन आठवड्यांची चिंता मिटली. यात सांगण्यासारखं आणखी काही नाही.

८. सणाचं सामान

पुरणाला फ्रीझर फार मानवतो. किलोभर चणाडाळ आणि किलोभर गूळ यांचं पुरण घट्ट शिजवून, यंत्रातून काढून, पूर्ण गार करून पाव-पाव किलोच्या गोळ्यांत बांधा. होळीला दुप्पट घातलं की पुढच्या सणाला आयतं हाताशी. काढताना आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, दुसऱ्या दिवशी कढईत दोन मिनिटं परतून ओल उडवायची. ती तशीच राहिली तर पोळी लाटताना फुटते. डाळीचा कट ओतून देऊ नका. डब्यात गोठवा, महिनाभराने आमटी करा. पुरणपोळी नसताना कटाची आमटी आणि भात खाण्यातही वेगळीच मजा आहे, आमच्या मुलाला तर तीच जास्त आवडते.

आमरस मे अखेरीला करावा, भाव उतरलेले असतात आणि फळ पुरतं पिकलेलं असतं. रस शिजवायचा नाही. मिक्सरऐवजी हाताने पिळून चाळणीतून काढला की फेस आणि हवा कमी राहते, रंगही काळवंडत नाही. किलोभर रसाला दोन-तीन चमचे साखर, छोट्या डब्यांत. वर प्लास्टिकचा तुकडा रसाला चिकटवून मग झाकण लावा. दिवाळीच्या पाडव्याला पुरीबरोबर काढलात तर पाहुणे आधी डब्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतात.

९. मासे

जून-जुलैत मासेमारी बंद असते, ताजा मासा कमी आणि महाग. त्याआधी मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरमईच्या तुकड्या, सोललेली कोळंबी घेऊन ठेवणारी घरं आमच्या इमारतीत बरीच आहेत. बाजारातून आणल्या-आणल्या स्वच्छ करा, पाणी पुसा, एका जेवणाला लागतील तेवढ्याच तुकड्या एका पिशवीत, वर दुसरी पिशवी. सुरमई, बांगडा असे तेलकट मासे दोन महिन्यांच्या आत संपवा, पुढे खवट होतात. हळद-मीठ लावून ठेवायची पद्धत आहे, मी नुसती हळद लावते, मिठाने पाणी सुटतं. कोळिणीला विचारायला लाजू नका की मासा आधी बर्फात किती दिवस होता. जो एकदा गोठून सुटलाय तो घरी पुन्हा गोठवण्यात अर्थ नाही.

१०. नाव आणि तारीख

गोठल्यावर सगळं सारखं दिसतं. एकदा नणंदेच्या घरची मंडळी जेवायला आली होती आणि चिकनच्या रश्श्यासाठी मी डबा काढला. तपकिरी गोळा, वाटणच असणार. गरम तेलात टाकला, मसाला घातला, आणि स्वयंपाकघरात वेलची-जायफळाचा वास. पुरण होतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, आज गोड आहे का?"

तेव्हापासून टेपवर तीन गोष्टी: काय आहे, कधी ठेवलं, किती जणांचं. "वाटण, ५ जाने., ४ जणांचं." टेप डब्याला कोरडा असतानाच लावा, गारठल्यावर चिकटत नाही. फ्रीजच्या दारावर एक कागदही लावला आहे. आत गेलं की लिहायचं, काढलं की खोडायचं. हा कागद घरातल्या सगळ्यांनी वाचायचा असतो, हे मात्र वेगळं शिकवावं लागतं.

माझ्या अंदाजाने: पोळ्या एक महिना, वाटण आणि कडधान्यं दोन ते तीन, वड्या दोन, खोबरं आणि पुरण तीन ते चार, मटार आणि आमरस आठ महिने. त्यानंतर लगेच विष होत नाही, पण चव जाते. कडांवर पांढरे कोरडे डाग दिसले तर पिशवीत हवा राहिली होती असं समजा. तेवढा भाग काढून बाकी वापरा.

११. ठेवताना आणि काढताना

गरम पातेलं थेट फ्रीझरमध्ये ठेवू नका, शेजारचे गोठलेले डबे सैल होतात. आणि गार करायचं म्हणून संध्याकाळपासून रात्रीपर्यंत ओट्यावरही विसरू नका. शिजल्यापासून दोन तासांत पदार्थ थंडीत गेला पाहिजे, आपल्या मे महिन्यात तर एकाच तासात. परातीत पसरा, पंखा लावा, किंवा पातेलं थंड पाण्याच्या टबात ठेवून ढवळा.

काढताना वाटण, मटार, खोबरं थेट कढईत. कडधान्यं, पुरण, मासे आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये, खाली ताटली ठेवून. सकाळी ऑफिसला जाताना मासे ओट्यावर काढून ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात वाईट चूक. आतला भाग बर्फ असतो तेव्हा बाहेरचा भाग तासन्‌तास उबेत पडलेला असतो. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदला. मायक्रोवेव्हमध्ये सैल केलं तर लगेच शिजवा. बटाटेवड्याचे गोळे पूर्ण सैल झाल्याशिवाय पिठात बुडवू नका, नाहीतर बाहेरून लाल आणि आत गारढोण.

१२. वीज गेली तर

दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाणार असा निरोप आला की दार उघडायचं नाही, बस. गच्च भरलेला मोठा फ्रीझर बंद दाराने दोन दिवसांपर्यंत थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजवरच्या छोट्या कप्प्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नका. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या थोड्या कमी भरून गोठवून ठेवा, त्यांची मदत होते. वीज आल्यावर हाताला बर्फाचे खडे लागत असतील तर पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही, चव थोडी उतरते इतकंच. सैल होऊन कोमट झालेलं मात्र टाकूनच द्या, त्यातही मासे-मटण आधी.

आठवडाभर गावाला जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी गोठलेलं दिसलं, तर मागे वीज बराच वेळ जाऊन सगळं वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं, असं समजायचं. दोन वर्षांपूर्वी मेमध्ये कोकणातून परतलो तेव्हा आमचं नाणं तळाशी होतं. चार किलो सामान, त्यात सगळा आमरस, एकेक डबा उघडून कचऱ्यात ओतला. गेल्या मेमध्ये ते वरच होतं. बॅगा दारातच ठेवून मी आठ क्यूब कढईत टाकले आणि पोळ्यांची चळत बाहेर काढली.